दोन डायरेक्टर लागतात

माझ्या सख्ख्या मोठ्या भावाचा जबडा मी पाइप-पान्यानं मोडला. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सांगता सांगता मी स्वतःला शहाणा ठरवायला लागेन, आणि ते खरं नाही. भांडण कंपनीवरून झालं. कंपनी म्हणजे आम्हा दोघा भावांची, एक लाख भांडवलाची प्रायव्हेट लिमिटेड. एसी बसवणं, दुरुस्त करणं, वर्षभर सांभाळणं, एवढंच तिचं काम.

आम्ही यवतमाळकडचे. दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. वडील जिनिंगमध्ये हमाल होते आणि मारकुटे होते, तेही दारूला न शिवता. माझ्यावर कासरा उगारला की दादा मध्ये यायचा आणि वळ त्याच्या पाठीवर उठायचे. आमच्या घरात हात उचलणं ही बोलण्याचीच एक तऱ्हा होती. रागावलं तरी मारायचे, काळजी वाटली तरी मारायचे. दादानं आठवीत शाळा सोडली, यवतमाळच्या एका दुकानात फ्रीज-एसी शिकला आणि पुण्यात बिबवेवाडीला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आला. मागून मला आणलं, आयटीआयला घातलं. माझ्या फीसाठी तो उन्हाळ्यात दिवसाला आठ-आठ एसी धुवायचा. एकदा मी परीक्षा बुडवली, तर त्यानं चौकात, लोकांसमोर माझ्या कानाखाली अशी लावली की दोन दिवस त्या कानानं ऐकू येत नव्हतं. मी नंतर एकही परीक्षा बुडवली नाही.

आमचं काम चांगलं होतं. हिंजवडीतल्या एका ऑफिसच्या मॅनेजरला ते आवडलं. दोनेकशे एसींचं वर्षाचं कंत्राट तो द्यायला तयार होता, पण म्हणाला, "एकट्याच्या नावावरची प्रोप्रायटरशिप चालत नाही. हेड ऑफिसचा नियम आहे. प्रायव्हेट लिमिटेड करून या."

मंडईच्या मागे एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, एका सीए बाईंचं ऑफिस होतं. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक चष्मा, समोर फायलींच्या भिंती. त्यांनी वर न बघता विचारलं, "डायरेक्टर कोण?"

"मी आणि दादा."

"दोन लागतातच. भांडता का?"

"नाही," मी म्हणालो.

"भाऊ आहात म्हणून विचारलं."

मग त्यांनी खर्च सांगितला. नाव मंजूर करणं, दोघांच्या डिजिटल सह्या, स्टॅम्प ड्यूटी, त्यांची फी, सगळं मिळून चौदा हजार. पुढे धंदा होवो न होवो, दरवर्षी ऑडिट आणि सरकारकडे भरायचे फॉर्म, त्याचे वीस-बावीस हजार. करंट अकाउंटला काही रक्कम कायम पडून. शिवाय दाराबाहेर कंपनीचा बोर्ड, शिक्का, लेटरहेड.

"आणि फॉर्म वेळेत गेला नाही, तर दर फॉर्मला दर दिवशी शंभर रुपये दंड," बाई म्हणाल्या.

दादा हसला. "शंभर रुपयानं काय होते?"

बाईंनी चष्मा काढला. "अहो, वर्षाला किती दिवस असतात ते माहीत आहे ना आपल्याला? झालं तर मग."

दादाला कंपनीला आईचं नाव द्यायचं होतं. ते मिळालं नाही, कुणीतरी आधीच घेतलेलं होतं. शेवटी त्या नावाला दोन अर्थहीन अक्षरं चिकटवून जे मिळालं ते घेतलं. पंधरा-वीस दिवसांत प्रमाणपत्र आलं. दादानं ते लॅमिनेट करून हॉलमध्ये लावलं आणि वहिनीनं त्याला कुंकू लावलं.

पहिलं रक्त बोर्डावरून सांडलं. कंपनीचा पत्ता म्हणून दादाचाच फ्लॅट दिलेला होता, त्यामुळे दीड फुटाचा बोर्ड त्याच्या दाराशेजारी ठोकला. सोसायटीचे सेक्रेटरी निवृत्त कारकून होते. ते वर आले.

"हे काय?"

"कंपनीचा बोर्ड," मी म्हणालो. "कायद्यानं लावावा लागतो."

"कायद्यानं लग्नाची नोंदणीही लागते. ती कुणी दाराबाहेर टांगत नाही. इथे माणसं राहतात. कंपन्यांची जागा हिंजवडीला."

दोन दिवसांनी आम्ही कामावर असताना ते स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बोर्ड काढायला आले. वहिनीनं फोन केला. आम्ही जवळच मार्केट यार्डापाशी होतो, दहा मिनिटांत पोचलो. चारातले तीन स्क्रू निघाले होते. दादानं सेक्रेटरींचा स्क्रू-ड्रायव्हरचा हात मनगटाला धरला, बाजूच्या मीटरच्या कपाटात घातला आणि लोखंडी दार त्यावर ढकललं. एकदा नाही, कपाट बंद होईपर्यंत. वाळकी काडी मोडावी तसा आवाज आला. ते गृहस्थ ओरडलेसुद्धा नाहीत. पायरीवर बसले आणि आपल्या हाताकडे बघत राहिले.

दोन बोटं मोडली होती. चौकीत आम्हाला चार तास उभं केलं. शेवटी लेखी माफी आणि दवाखान्याचा सगळा खर्च यावर मिटलं. घरमालकानं भाडं वाढवलं. घरी आल्यावर दादानं बोर्ड पुन्हा लावला आणि मी त्याला स्क्रू हातात देत होतो. मला तेव्हा लाज वाटायला हवी होती. मला अभिमान वाटत होता.

हिंजवडीचं कंत्राट आम्हाला मिळालं, म्हणजे आधी ते ज्याच्याकडे होतं त्याचं गेलं. तो तिथल्याच गावातला. तिसऱ्या आठवड्यात भर दुपारी आम्ही गच्चीवर बाहेरच्या युनिटांशी काम करत होतो, तेव्हा त्याची चार माणसं वर आली. मागे जिन्याचं दार लावून घेतलं.

"कुनाची रं कंपनी?" पुढचा म्हणाला.

"आमची," दादा म्हणाला.

"तुमची म्हंजी? तुमी हाय कोन? हितं धंदा करायचा तर आधी इचारायचं असतंय."

पाठीत पाइप बसला तेव्हा मला आधी दुखलंच नाही, फक्त श्वास गेला. मी पालथा पडलो आणि तापलेल्या फरशीवर गाल भाजला. वरून लाथा. दादा जिन्याच्या जवळ होता. कडी काढून तो पळू शकला असता. तो आला तो माझ्या अंगावर आडवा झाला. त्यांनी त्याच्या पाठीवर मारलं, डोक्यावर मारलं, मग एकानं लोखंडी अँगल उचलून त्याच्या गुडघ्यावर घातला, लाकूड फोडतात तसा, दोन्ही हातांनी. दादानं तशाच अवस्थेत त्यातल्या एकाला खाली ओढलं आणि त्याचा कान दातांत धरला. तो माणूस किंचाळायला लागला तेव्हा बाकीचे थांबले. त्याला ओढून नेलं. दादानं तोंडातलं थुंकलं. ते काय होतं ते मी बघितलं.

कॅम्पसमध्ये पोलीस केस नको, असं मॅनेजरनं सांगितलं. केस केली तर कंत्राट जाईल हे त्यानं म्हटलं नाही, पण आम्हाला कळलं. ती माणसं परत आली नाहीत. दादाच्या गुडघ्यात प्लेट बसवली. तीन महिने तो घरी होता, आणि त्यानंतर शिडी चढणं त्याच्या नशिबातून गेलं.

मग आम्ही कामं वाटून घेतली. साइटवर मी. घरी बसल्या बसल्या जमेल ते दादाकडे. तो स्वतःहूनच म्हणाला, "कागदाचं मी पाहतो. तू वर चढ." कंपनीचा ईमेल त्याच्या फोनवर होता, सरकारी ओटीपी त्याच्याच नंबरवर यायचे. सीए बाईंची फी मी वर्षाला त्याच्या हातात द्यायचो. त्याला कधी काही विचारलं नाही. दिवसाला पंचवीस एसी उघडायचे, गॅस भरायचा, तीन पोरं कामाला ठेवली होती त्यांच्याशी डोकं लावायचं, हिंजवडीच्या रस्त्यावर दोन-दोन तास अडकायचं. कागद दादाकडे आहेत म्हणजे ते नीट आहेत, असं मी धरून चाललो. घरात कायम तसंच होतं.

कंत्राटाचं तिसरं नूतनीकरण आलं तेव्हा मॅनेजरनं बोलावून घेतलं. त्याच्या समोर स्क्रीनवर सरकारी वेबसाइटवरचं आमच्या कंपनीचं पान होतं. "दोन वर्षं काहीच भरलेलं नाही तुम्ही. आमची लीगल टीम तुम्हाला पुढे घेणार नाही. पंधरा दिवस देतो."

मी तिथून थेट मंडईला गेलो. सीए बाईंनी हिशेब आधीच करून ठेवल्यासारखा सांगितला. दोन वर्षांचे फॉर्म, दर फॉर्मला दर दिवशी शंभर, वर आम्हा दोघांच्या केवायसीचा वेगळा दंड. दीड लाखाच्या घरात.

"तुम्ही कळवलं नाही?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"ईमेल केले. फोन केले. तुमचे बंधू प्रत्येक वेळी 'हो मॅडम, पाठवतो' म्हणाले. मी तुमची सीए आहे. तुमची आई नाही."

"आणि तुमची फी?"

"कुठली फी?" बाई म्हणाल्या. "दोन वर्षांत मला एक रुपया मिळालेला नाही."

मंडई ते बिबवेवाडी गाडीवर अर्धा तास लागतो. त्या अर्ध्या तासात मी मनातल्या मनात सगळा खटला चालवून निकालही दिला. फीचे पैसे दादानं खाल्ले. गेल्या वर्षी त्यानं गावच्या घरावर पत्रे टाकले होते. ते आमच्या पैशातून, असं मी ठरवून टाकलं.

दुपारचं जेवण नुकतंच झालं होतं. दादा हॉलमध्ये पाय लांब करून बसला होता, वहिनी स्वयंपाकघरात भांडी घासत होती. माझ्या खांद्यावर हत्यारांची पिशवी तशीच होती.

"सीएचे पैसे कुठे गेले?"

दादानं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घेतली. "आहेत."

"कुठे आहेत? पत्र्यात?"

"काय म्हणून राहिला तू?"

"तू पैसे खाल्लेस, दादा. माझ्या घामाचे पैसे खाल्लेस आणि दोन वर्षं खोटं बोलत राहिलास."

तो भिंत धरून उठला. "तू मले चोर म्हणून राहिला?"

"चोरच आहेस."

त्यानं कानाखाली मारली. मग दुसरी मारली. तो मला लहानपणापासून मारत आला होता आणि मी कधी हात उचलला नव्हता, म्हणून तो बेसावध होता. त्यानं माझी मान धरून मला भिंतीला दाबलं. ते लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र माझ्या डोक्याच्या धक्क्यानं खाली पडलं. मला श्वास घेता येत होता, हे मी कबूल करतो. मी मरत नव्हतो. माझा हात पिशवीत गेला आणि पाना हाताला लागला. चौदा इंची. मी तो खालून वर फिरवला.

हाड मोडल्याचं मला हातात जाणवलं. दादा खाली बसला, दोन्ही हात तोंडावर, बोटांतून रक्त. त्यानं माझ्याकडे वर बघितलं. आणि मी पुन्हा मारलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा तो खाली बसलेला होता.

वहिनी साबणाच्या हातांनी धावत आली. तिनं माझ्या हातातून पाना काढून घेतला नाही. ती दादाच्या पुढे उभी राहिली आणि म्हणाली, "आता मला मारा, भाऊजी." मी पाना टाकला.

रिक्षात वहिनीनं त्याच्या तोंडाला टॉवेल दाबून धरला होता. मला तिनं आत बसू दिलं नाही, मी मागून गाडीवर गेलो. जबडा दोन जागी मोडला होता, चार दात गेले होते. डॉक्टरांनी वरचे आणि खालचे दात तारेनं एकमेकांना बांधले. सहा आठवडे तोंड उघडायचं नाही, पातळ पदार्थ नळीनं ओढायचे. पोलिसांकडे कळवलं गेलं होतं, जबाब घ्यायला हवालदार आला. दादानं कागदावर लिहून दिलं, "शिडीवरून पडलो."

हवालदारानं कागद वाचला, दादाच्या गुडघ्यावरची जुनी खूण बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "या पायानं शिडीवर चढले? आणि पडले ते दोनदा?"

दादानं कागद परत घेतला आणि खाली लिहिलं, "हो."

दुसऱ्या दिवशी त्याचे कपडे घ्यायला घरी गेलो. वहिनीनं मला दारातच थांबवलं आणि आतून दादाच्या टेबलाचा खण उचलून आणला, माझ्या पायाशी ठेवला. त्यात सरकारी पत्रं होती. बँकेची, आयकर खात्याची, कंपनी निबंधकांच्या कार्यालयाची. सगळी इंग्रजीत, सगळी फोडलेली, नीट घडी घालून ठेवलेली. काहींवर त्यानं पेन्सिलनं शब्दाखाली शब्द मराठीत लिहायचा प्रयत्न केला होता, दोन ओळींनंतर सोडून दिला होता. आणि तळाशी दोन पाकिटं. दोन्ही वर्षांची सीएची फी. मी दिली होती तशीच, त्याच रबरात.

"मलाही नाही विचारलं," वहिनी म्हणाली. "मी बारावी झालेली, इंग्रजी घेऊन. मला वाचता आलं असतं." ती रडत नव्हती. "त्यांना वाटलं असेल, वाचता येत नाही म्हटलं तर तुमचं-माझं दोघांचंही ऐकून घ्यावं लागेल. आणि कागदांशिवाय नुसती फी घेऊन बाईंकडे जायचं कसं?"

मी पाकिटं घेतली नाहीत. तिनं ती माझ्या शर्टाच्या खिशात कोंबली आणि दार लावून घेतलं.

पंधरा दिवसांची मुदत चालूच होती. सीए बाई म्हणाल्या, दोन वर्षांच्या ताळेबंदांवर दोन्ही डायरेक्टरांच्या सह्या लागतील, आणि दादाची डिजिटल सही मुदत संपून बंद झाली आहे. ती नवीन काढायची तर त्याला कॅमेऱ्यासमोर बोलावं लागेल. मी सांगितलं, त्याला बोलता येत नाही. बाईंनी का ते विचारलं नाही. "त्यांना घेऊन या," एवढंच म्हणाल्या.

अकराव्या दिवशी दादा वहिनीच्या खांद्यावर हात ठेवून मंडईमागचे ते दोन जिने चढला. मी चार पायऱ्या मागे. बाईंनी त्याला खुर्ची दिली, त्याच्या सुजलेल्या, निळ्या-पिवळ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कागद पुढे केले. त्यात सभांचे वृत्तांत होते. कंपनीनं वर्षातून ठरलेल्या सभा घ्यायच्या असतात आणि त्या लिहून ठेवायच्या असतात. बाई मराठीत सांगत गेल्या. "दोन्ही संचालक उपस्थित. हिशेबांना एकमतानं मंजुरी. अध्यक्षांचे आभार मानून सभा खेळीमेळीत संपली. इथे सही करा."

दादाच्या घशातून एक आवाज निघाला. आधी मला वाटलं, दुखलं. तो हसत होता. तारेला ताण बसला आणि ओठाच्या कोपऱ्यातून रक्ताची रेघ हनुवटीवर आली. वहिनीनं पदरानं पुसली. त्यानं सही केली.

मग व्हिडिओ. बाईंच्या ऑफिसातल्या मुलीनं फोन समोर धरला. स्क्रीनवर चार आकडे आले. स्वतःचं पूर्ण नाव सांगायचं आणि ते आकडे मोठ्यानं वाचायचे. दादा बोलला. बांधलेल्या दातांमधून हवा आणि थुंकी आली, शब्द आला नाही. फोननं नाकारलं. आवाज अस्पष्ट. पुन्हा. पुन्हा नाकारलं. तिसऱ्या वेळी त्यानं मान ताठ केली, खुर्चीचे हात घट्ट धरले आणि वडिलांचं नाव जोर लावून उच्चारलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते रडणं नव्हतं, दुखत होतं.

"मी होते डायरेक्टर यांच्या जागी," वहिनी म्हणाली.

"पुढे होता येईल," बाई म्हणाल्या. "मागच्या वर्षांना हेच लागतील."

मी जिन्यात जाऊन उभा राहिलो. आतून तो आवाज येत राहिला. नाव, आकडे, नाव, आकडे. सहाव्यांदा ते मंजूर झालं.

दंड भरला. माझी गाडी विकली, एक व्हॅक्यूम पंप विकला, उरलेले उसने घेतले. दोन पाकिटांतले पैसे बाईंना दिले. कंत्राट राहिलं. महिनाभरानं वहिनी डायरेक्टर झाली आणि दादानं राजीनामा दिला. वहिनीनं एकच अट घातली. तिच्या घरात मी पाय ठेवायचा नाही. कंपनीचा नोंदणीकृत पत्ता आजही तेच घर आहे. माझ्या कंपनीची सगळी पत्रं अशा दाराशी येतात, ज्यातून मला आत जाता येत नाही. वहिनी ती त्याच दिवशी वाचते.

दादा आता धायरीला आम्ही भाड्यानं घेतलेल्या शेडमध्ये बसून एसीची सर्किटं दुरुस्त करतो. कामापुरतं बोलतो. डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसतो, कारण घास चावताना त्याचा जबडा कटकट वाजतो. एकदा मी त्याच्यासमोर बसून माफी मागायला लागलो. त्यानं हातातली सोल्डरिंगची गन खाली ठेवली आणि मला थांबवलं.

"पहिला मले समजला," तो म्हणाला. "दुसरा काऊन मारला?"

मी त्याच्या टेबलावरचे सुटे स्क्रू गोळा करायला लागलो. त्यानं सोल्डरिंगची गन पुन्हा उचलली. नंतर पुन्हा त्यानं कधी विचारलं नाही.

यंदाचे फॉर्म मुदतीच्या बऱ्याच आधी तयार झाले. वहिनीचा फोन आला. "भाऊजी, ताळेबंदावर सही करायला या. वर येऊ नका, मी खाली आणते." पार्किंगमध्ये तिच्या स्कूटरच्या सीटवर कागद पसरून मी सह्या केल्या. वाऱ्यानं उडू नयेत म्हणून तिनं एका हातानं कागद दाबून धरले होते. मी जिथे चुकीच्या जागी सही करायला गेलो, तिथे तिनं बोट ठेवून बरोबर जागा दाखवली. पेन परत घेतलं आणि वर गेली.